बॅटरी दोषी की जनरेटर? साठवण यंत्रणेतला बिघाड शोधताना

मुख्य पुरवठा गेला. बॅटरीने लोड उचलला. बॅटरी २० टक्क्यांवर आली की जनरेटर आपोआप सुरू व्हायचा, असं सेटिंग होतं. पण स्क्रीनवर ४३ टक्के दिसत असतानाच सगळा अंधार झाला, जनरेटरने आवाजही केला नाही, आणि आता इन्व्हर्टरवर अकरा अलार्म रांगेने उभे आहेत. अशा वेळी बहुतेक जण एक तर सगळे अलार्म पुसून रीसेट मारतात, नाहीतर सगळ्यात वरचा अलार्म वाचून त्याच भागाच्या मागे लागतात. दोन्हींत काम आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी असं होऊन बसतं. नवा इन्व्हर्टर बोर्ड येतो, बसतो, आणि पुढच्या वेळी पुरवठा गेला की पुन्हा तोच अंधार.

अलार्म वाजवतो तो भाग, ज्याला त्रास जाणवला. त्रास कुठून आला ते त्याला ठाऊक नसतं. म्हणून रीसेटला हात लावण्याआधी लॉग उतरवून घ्यायचा, निदान फोनवर फोटो तरी काढायचे, आणि सगळ्यात जुना अलार्म शोधायचा. बऱ्याच स्क्रीनवर नवे अलार्म वर आणि जुने खाली असतात, त्यामुळे कामाचा अलार्म यादीच्या तळाशी सापडतो. अजून एक अडचण म्हणजे बॅटरीची बीएमएस (बॅटरीवर लक्ष ठेवणारी आणि तिचं रक्षण करणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा), इन्व्हर्टर आणि जनरेटरचा कंट्रोलर या तिघांची घड्याळं क्वचितच जुळतात. तिन्ही पडद्यांवरची आत्ताची वेळ शेजारी शेजारी लिहून फरक काढला नाही, तर कारण आणि परिणाम यांची उलटापालट होते.

वरचंच उदाहरण घेऊ. वेळा जुळवल्यावर समजा असा क्रम निघाला: २ वाजून १४ मिनिटं ७ सेकंदांनी ११ क्रमांकाच्या सेलचं (बॅटरी अशा अनेक सेलांची बनलेली असते) व्होल्टेज कमी झालं. दोन सेकंदांनी बीएमएसने कॉन्टॅक्टर (बॅटरी जोडणारा-तोडणारा मोठा स्विच) उघडला, म्हणजे बॅटरी स्वतःहून बाजूला झाली. पुढच्या सेकंदाला इन्व्हर्टरने डीसी व्होल्टेज कमी असल्याची तक्रार केली, मग आउटपुट गेल्याची, मग बीएमएसशी संपर्क तुटल्याची. जनरेटर का आला नाही? त्याला सुरू होण्याचा इशारा देणारा रिले इन्व्हर्टरच्या आत होता आणि तो फक्त टक्केवारी बघत होता. टक्केवारी ४३ होती, त्यामुळे इशारा गेलाच नाही, आणि मग इन्व्हर्टरच मेला. अकरा अलार्ममागे चुका दोन निघाल्या: एक सेल बाकीच्यांच्या आधी संपत होता, आणि जनरेटरची सुरुवात एकाच आकड्यावर टांगलेली होती. इन्व्हर्टर बिचारा निर्दोष.

हात लावण्याआधी

मोठी बॅटरी 'बंद' करता येत नाही. ब्रेकर पाडला तरी सेलांच्या टर्मिनलवर व्होल्टेज असतंच. घरगुती यंत्रणेत ते ५० व्होल्टच्या आसपास असेल, मोठ्या कंटेनरमध्ये १००० ते १५०० व्होल्टपर्यंत. डीसी प्रवाह एसीसारखा दर अर्ध्या चक्राला शून्यावर येत नाही, त्यामुळे एकदा पेटलेली ठिणगी सहज विझत नाही. म्हणूनच एसीचा ब्रेकर डीसीला चालत नाही. इन्व्हर्टरमधले कपॅसिटर (थोडी वीज साठवून ठेवणारे भाग) बंद केल्यावरही काही मिनिटं भरलेले राहतात, आवरणावर लिहिलेला वेळ पाळायचा. मीटर आधी चालू जागेवर तपासून, मग बंद केलेल्या जागेवर, मग पुन्हा चालू जागेवर लावून बघायचा. मधल्या मोजणीत शून्य आलं ते मीटरच बिघडल्यामुळे नाही, याची खात्री तेव्हाच होते.

जनरेटरचा धोका वेगळा. तो ऑटोमध्ये असेल तर तुम्ही इंजिनच्या पट्ट्याजवळ हात घातलेला असतानाही सुरू होईल. कंट्रोलर ऑफवर घ्या आणि त्याच्या स्टार्टर बॅटरीची निगेटिव्ह वायर काढून ठेवा. बंदिस्त जागेत चालवून बघण्याचा विचारही नको, धुरातला कार्बन मोनॉक्साइड वासाने कळत नाही.

पडदा बघणं, लॉग वाचणं, फिल्टरवरची धूळ, इंधनाची पातळी, बाहेरून दिसणाऱ्या वायरी एवढं मालकाने जरूर बघावं. झाकण उघडायचं काम प्रशिक्षित माणसाचं. त्याच्यासोबत उभं राहून काय मोजायचं ते सुचवता आलं, तरी बरेच पैसे वाचतात.

टक्केवारी खोटी का बोलते

साठवण यंत्रणांमध्ये आता लिथियम आयर्न फॉस्फेटचे सेल सर्रास असतात. टिकाऊ आणि तुलनेने सुरक्षित. पण साधारण २० ते ९० टक्क्यांच्या दरम्यान विश्रांतीतल्या सेलचं व्होल्टेज जेमतेम ०.१ ते ०.१५ व्होल्टने हलतं. म्हणजे व्होल्टेज बघून बॅटरी किती भरली आहे हे सांगणं मधल्या पट्ट्यात जवळपास अशक्य. म्हणून बीएमएस आत-बाहेर जाणारा करंट मोजते आणि बेरीज-वजाबाकी करत राहते.

आता हिशोब बघा. करंट मोजणाऱ्या सेन्सरमध्ये फक्त ०.२ अँपिअरची चूक असली, तर दिवसाला ४.८ अँपिअर-तास चुकतात. ३०० अँपिअर-तासांच्या बॅटरीत दहा दिवसांत ती चूक १६ टक्क्यांवर जाते. इन्व्हर्टर स्वतः खातो तो थोडासा करंट काही सेन्सरना दिसतच नाही, मग आकडा कायम एकाच बाजूला सरकतो. बॅटरी पूर्ण भरली की सेलचं व्होल्टेज झपकन वर चढतं. तिथेच बीएमएसला कळतं की हे १०० टक्के, आणि ती हिशोब नव्याने सुरू करते. आठवडेच्या आठवडे बॅटरी ३० ते ७० टक्क्यांमध्येच खेळत राहिली, तर हिशोब दुरुस्त व्हायची संधीच मिळत नाही. त्यामुळे टक्केवारी अचानक ४३ वरून शून्यावर कोसळली तर बॅटरी मेली असं लगेच धरू नका. आधी एकदा पूर्ण भरून बघा.

त्यानंतरही तोच सेल आधी हात टेकत असेल तर खरी चौकशी सुरू होते, आणि माझ्या मते सगळ्यात जास्त चुकीचे निकाल इथे लागतात. त्या सेलचं व्होल्टेज चार्जिंगच्या शेवटी आणि डिस्चार्जच्या शेवटी, दोन्ही वेळा बघायचं. सेल सगळ्यात उशिरा भरतो आणि सगळ्यात आधी संपतो, असं असेल तर तो बाकीच्यांच्या मागे पडला आहे एवढंच. हे असंतुलन आहे आणि ते सुधारतं. सगळ्यात आधी भरतो आणि सगळ्यात आधी संपतो, असं असेल तर त्याची क्षमताच घटली आहे, संतुलनाने ती परत येणार नाही. तिसरा प्रकार फसवा आहे. मोठा लोड आला की त्याचं व्होल्टेज क्षणात खाली आणि लोड गेला की क्षणात वर. इथे जोडणी सैल असण्याचा किंवा अंतर्गत रोध वाढल्याचा संशय घ्यायचा. मल्टिमीटर थेट सेलच्या टर्मिनलवर धरला आणि तिथे आकडा ठीक, पण बीएमएसवर कमी, तर सेल आणि बीएमएस यांच्यातली बारीक सेन्स वायर बघा. ती न बघता मॉड्यूल (सेलांचा अख्खा संच) बदलणं म्हणजे चोर सोडून संन्याशाला सुळी.

असंतुलन सुधारायला वेळ लागतो, तिथे पी हळद हो गोरी चालत नाही. साध्या बीएमएसमध्ये संतुलनाचा, म्हणजे सगळे सेल एका पातळीवर आणण्याचा, करंट १०० मिलिअँपिअरच्या आसपास असतो. १० अँपिअर-तासांचा फरक मिटवायचा तर १०० तास हवेत, आणि बहुतेक बीएमएस हे काम बॅटरी जवळपास भरलेली असतानाच करतात. एका रात्रीच्या चार्जिंगनंतर 'काही फरक नाही' म्हणून तक्रार करण्यात अर्थ नाही.

जनरेटर चालतोय, पण इन्व्हर्टर त्याला घेत नाही

ही तक्रार ऐकली की मला आधी दोन आकडे हवे असतात: रिकाम्या जनरेटरची फ्रिक्वेन्सी आणि व्होल्टेज, आणि लोड आल्याच्या क्षणी तेच दोन आकडे. चार पोलचा जनरेटर मिनिटाला १५०० फेऱ्यांवर ५० हर्ट्झ देतो. साधा यांत्रिक गव्हर्नर (इंजिनचा वेग सांभाळणारा भाग) असेल तर रिकामा असताना ५२ हर्ट्झ आणि पूर्ण लोडवर ५० हे स्वाभाविक आहे, तो दोष नाही. इन्व्हर्टर मात्र सार्वजनिक पुरवठ्यासाठी ठरवलेल्या अरुंद मर्यादांवर असेल, तर तो असा पुरवठा नाकारतो. जनरेटरसाठीच्या सेटिंगमध्ये या मर्यादा रुंद करता येतात. ते करायचं राहून गेलेलं असतं, आणि गव्हर्नरवर विनाकारण पाना चालतो.

दुसरा प्रकार असा: इन्व्हर्टर जनरेटरला घेतो, काही सेकंदांत सोडतो, पुन्हा घेतो, पुन्हा सोडतो. इंजिनचा आवाज चढ-उतार करत राहतो. याला हंटिंग म्हणतात. इंधन फिल्टर तुंबलेला, लाइनमध्ये हवा शिरलेली, गव्हर्नर किंवा व्होल्टेज सांभाळणारा एव्हीआर बिघडलेला, यापैकी काहीही असू शकतं. पण आधी साधा हिशोब करा. १० केव्हीएच्या जनरेटरवर पॉवर फॅक्टर ०.८ लिहिला असेल तर तो ८ किलोवॅट देतो. घरातला लोड ५ किलोवॅट आहे आणि रिकामी बॅटरी चार्जरमार्फत आणखी ५ मागते आहे. झाले १०. इंजिन दबतं, फ्रिक्वेन्सी पडते, इन्व्हर्टर सोडतो, इंजिन मोकळं होऊन वर येतं, आणि तेच चक्र पुन्हा. उकाडा आणि उंची यांमुळे इंजिनची खरी ताकद पाटीवरच्या आकड्यापेक्षाही कमी होते.

याची परीक्षा सोपी आहे. चार्जिंग करंट अगदी कमी ठेवा, साधारण दहाव्या भागावर, आणि जनरेटर टिकतो का बघा. टिकला तर थोडा थोडा वाढवत जा. जिथे फ्रिक्वेन्सी डगमगायला लागते त्याच्या बरंच अलीकडे मर्यादा बांधा. अगदी कमी लोडवरही डगमगत असेल तर प्रश्न इंजिनाचा आहे, बॅटरीला त्यातून मोकळं करा. उलट, जनरेटरला वेगळं करून त्यावर थेट हीटरसारखा लोड टाकल्यावर तो शांत चालत असेल, तर इंजिनाला मोकळं करून सेटिंगकडे वळा. सगळी जोडी एकत्र चालवून दोष शोधत बसण्यापेक्षा अशी अर्धी-अर्धी वाटणी केव्हाही बरी.

कडाक्याच्या थंडीत जनरेटर तासभर चालूनही बॅटरी भरत नाही, असंही होतं. लिथियम सेल शून्य अंश सेल्सिअसखाली चार्ज केला तर आतल्या इलेक्ट्रोडवर धातूरूप लिथियम साचतं आणि सेल कायमचा बिघडतो, म्हणून बीएमएस चार्जिंग अडवते. डिस्चार्ज मात्र चालू ठेवते. इथे दुरुस्ती करायची नसते, बॅटरीची जागा उबदार करायची असते.

आता एक ओढाताण, जिच्याबद्दल कमी बोललं जातं. वर म्हटलं की बॅटरी अधूनमधून पूर्ण भरायला हवी. पण भरत आलेली बॅटरी कमी करंट घेते, आणि डिझेल इंजिन ३० टक्क्यांहून कमी लोडवर तासन्‌तास चालवलं तर ते नीट तापत नाही, न जळलेलं इंधन आणि काजळी धुराड्यात साचते, सायलेन्सरच्या जोडातून काळा चिकट द्रव गळू लागतो. म्हणून जनरेटरने ८०-९० टक्क्यांपर्यंत भरून थांबवावं, आणि शेवटचा टप्पा सौर ऊर्जेवर किंवा मुख्य पुरवठ्यावर सोडावा. ज्या ठिकाणी दोन्ही नाहीत तिथे भरणीच्या शेवटच्या वेळेत पंप, हीटर असे बाकीचे लोड मुद्दाम चालू ठेवून इंजिनाला काम द्यावं.

सौर इन्व्हर्टर एसी बाजूला जोडलेला असेल तर अजून एक खोड दिसते. जनरेटर चालू असताना सौर इन्व्हर्टर त्यालाच मुख्य पुरवठा समजतो आणि घरात खपत नाही ती वीज त्याच्यात ढकलतो. जनरेटर वीज परत घेऊ शकत नाही. तो रिव्हर्स पॉवर (उलटी येणारी वीज) दाखवून ट्रिप होतो, संरक्षण नसेल तर व्होल्टेज चढतं. दुपारीच येणारा आणि ढगाळ दिवशी न येणारा फॉल्ट दिसला की हे तपासा.

जनरेटर सुरूच होत नाही

भलीमोठी बॅटरी यंत्रणा एका छोट्या १२ व्होल्टच्या स्टार्टर बॅटरीपायी अडून बसते, हे सतत घडतं. विश्रांतीत तिच्यावर १२.६ व्होल्टच्या आसपास हवेत. पण खरी परीक्षा सेल्फ मारताना होते: त्या क्षणी व्होल्टेज ९.६ च्या खाली कोसळत असेल तर बॅटरी थकली आहे किंवा तिच्या टर्मिनलवर गंज आहे. ती भरणारा छोटा चार्जर कुठून वीज घेतो तेही बघा. बॅकअप नसलेल्या सॉकेटवर असेल, तर लांबलेल्या वीजखंडात नेमका तोच उपाशी राहतो.

कंट्रोलर साधारण तीनदा प्रयत्न करून लॉक होतो, त्यामुळे नंतर नुसतं रिमोट सिग्नल देत राहून उपयोग नसतो. इंजिन फिरतं पण पेटत नाही तर इंधनाकडे जा: टाकीत पाणी, जुनं डिझेल, तुंबलेला फिल्टर, इंधन सोडणारा सोलेनॉइड. पेटतं आणि काही सेकंदांत बंद पडतं तर ऑइल प्रेशर सेन्सर. काहीच होत नाही तर आणीबाणीचं लाल बटण दाबलेलं आहे का, आणि स्विच ऑटोवर आहे का ते बघा. सर्व्हिसिंगनंतर मॅन्युअलवर राहिलेला स्विच हे कारण सांगताना तंत्रज्ञ कसनुसं हसतात. त्यावरून ओळखावं.

वायरी, जोड आणि न्यूट्रल

बीएमएस आणि इन्व्हर्टर यांच्यातला संवाद बहुधा कॅन बसवरून (संदेश नेणाऱ्या दोन तारांच्या जोडीवरून) चालतो. या तारांच्या दोन्ही टोकांना १२० ओहमचा एकेक रोध लागतो. सगळं बंद करून दोन तारांमध्ये मोजलं तर ६० ओहम यायला हवेत. १२० आले तर एक टोक उघडं आहे, ४० आले तर कोणीतरी मध्ये तिसरा रोध लावून ठेवला आहे. प्लग सारखाच दिसला तरी पिनांचा क्रम प्रत्येक उत्पादकाचा वेगळा असतो, दुकानातली तयार नेटवर्क केबल लावली की संवाद होईलच असं नाही. कधीमधी तुटणारा संवाद मोठ्या लोडच्या वेळीच तुटत असेल, तर ही केबल पॉवर केबलला चिकटून नेली आहे का बघा.

सैल जोडाचं गणित सांगतो. एका जोडात फक्त १ मिलिओहमचा रोध आहे आणि त्यातून २०० अँपिअर जातात. तिथे ०.२ व्होल्ट पडतात आणि ४० वॅट उष्णता तयार होते, एका बोल्टखाली. साधा मल्टिमीटर १ मिलिओहम मोजू शकत नाही, पण लोड चालू असताना जोडाच्या दोन्ही बाजूंना प्रोब टेकवून हे ०.२ व्होल्ट सहज पकडतो. काम अर्थात चालू यंत्रणेवरचं आहे, त्यामुळे ते त्यातल्या जाणकाराने आणि योग्य हातमोजे घालूनच करावं. थर्मल कॅमेरा असेल तर उत्तम: एकसारख्या चार जोडांपैकी एकच गरम दिसला की पुढे काही बोलायची गरज उरत नाही.

चालू करताना कॉन्टॅक्टर एकदा 'टक' वाजून लगेच सुटत असेल तर प्रीचार्जवर संशय घ्या. इन्व्हर्टरचे रिकामे कपॅसिटर एकदम जोडले तर करंटचा लोंढा येतो, म्हणून आधी रोधातून ते हळूहळू भरतात. तो रोध जळालेला असेल, किंवा भरणी चालू असतानाच कुठला लोड मागे लागलेला असेल, तर व्होल्टेज ठरलेल्या वेळेत वर येत नाही आणि बीएमएस माघार घेते. अशा वेळी पुन्हा पुन्हा चालू करून बघू नका, कॉन्टॅक्टरचे संपर्क चिकटतात.

जनरेटर आला की लगेच आरसीसीबी (गळती दिसली की पुरवठा तोडणारा स्विच) उडतो, बॅटरीवर मात्र उडत नाही, हा न्यूट्रल आणि अर्थिंगच्या जोडणीचा घोळ असतो. न्यूट्रल आणि अर्थ एका वेळी एकाच ठिकाणी जोडलेले असावेत. इन्व्हर्टरमध्येही आणि जनरेटरमध्येही असतील तर न्यूट्रलचा काही करंट अर्थच्या वाटेने परततो आणि आरसीसीबीला गळती दिसते. दोन्हीकडे नसतील तर ते जास्त वाईट, कारण तेव्हा काहीच उडत नाही आणि खरी गळती झाली तरी आरसीसीबी गप्प बसतो.

गुन्हेगार सेलबाहेरचा

मोठ्या प्रकल्पांचा अनुभवही याच दिशेचा आहे. सप्टेंबर २०२१ मध्ये कॅलिफोर्नियातल्या मॉस लँडिंग इथल्या साठवण केंद्रात बॅटरी मॉड्यूल खराब झाले. चौकशीत निघालं की हवा खेळवणाऱ्या पंख्याचं बेअरिंग गेलं, त्याचा धूर झाला, चुकीच्या प्रोग्रॅमिंगमुळे पाण्याची यंत्रणा वेळेआधी सुरू झाली, आणि सैल कपलिंगमधून ते पाणी बॅटरींवर गळून शॉर्ट झाले. त्याच वर्षी जुलैमध्ये ऑस्ट्रेलियातल्या जीलाँगजवळ व्हिक्टोरियन बिग बॅटरीच्या चाचणीत आग लागली. मूळ होतं शीतक द्रवाच्या गळतीत, आणि ते युनिट बंद म्हणून बाजूला ठेवलेलं असल्याने त्याची देखरेख चालू नव्हती. म्हणून बंद ठेवलेल्या रॅकचं तापमान आणि इन्सुलेशनचा इशाराही वाचत राहा. पावसाळी किंवा दमट सकाळी येऊन दुपारी जाणारा इन्सुलेशन फॉल्ट बहुतेकदा ओलाव्याचा असतो, आणि 'आपोआप गेला' म्हणून सोडून देण्यासारखा तो मुळीच नाही.

लोड नसताना एखाद्या सेलचं तापमान वाढत असेल, आवरण फुगलं असेल, गोडसर रासायनिक वास किंवा पांढरी वाफ येत असेल, तर दोष शोधायचं काम तिथेच थांबतं. दार उघडून आत डोकवायचं नाही. २०१९ मध्ये ॲरिझोनातल्या सरप्राइज इथे साठवण केंद्राचं दार उघडल्यावर आत कोंडलेल्या ज्वलनशील वायूचा स्फोट झाला आणि अग्निशमन दलाचे जवान गंभीर जखमी झाले. लांब जा, इतरांनाही लांब न्या, आणि अग्निशमन दलाला ही लिथियम बॅटरी आहे हे पहिल्याच वाक्यात सांगा.

दुरुस्ती झाली कशावरून?

अलार्म गेले म्हणजे झालं, असं धरू नका. मुख्य पुरवठ्याचा ब्रेकर पाडून खरा लोड बॅटरीवर येऊ द्या. जनरेटरची सुरुवात टक्केवारी आणि कमी व्होल्टेज अशा दोन अटींवर बांधा, म्हणजे यातली कुठलीही एक पुरी झाली की तो यावा, आणि इन्व्हर्टर मेला तरी इशारा जाईल अशी वेगळी सोय शक्य असेल तर तीही करा. टक्केवारीची अट तात्पुरती वर घेऊन जनरेटर स्वतःहून येतो का बघा. तो आल्यावर किती सेकंदांनी इन्व्हर्टरने घेतला, त्या वेळी फ्रिक्वेन्सी किती पडली, पूर्ण लोडवर सगळ्यात वरच्या आणि सगळ्यात खालच्या सेलमध्ये किती फरक होता, हे आकडे कागदावर उतरवून पॅनेलच्या आत चिकटवा. मग पुरवठा परत द्या, जनरेटर मोकळा होऊन थंड होण्यासाठी काही मिनिटं चालून थांबेपर्यंत तिथेच थांबा, आणि चाचणीसाठी बदललेली टक्केवारीची अट पुन्हा मूळ आकड्यावर आणा.